फोर्साइथ काउंटी: बारा हजारांवरून अडीच लाखांवर

‘आम्ही अटलांटात राहतो’ म्हणणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांचा टपालाचा पत्ता असतो कमिंग, जॉर्जिया. कमिंग हे फोर्साइथ काउंटीचं मुख्य गाव. 2020च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या 2,51,283 भरली. त्यात जवळपास 18 टक्के आशियाई, आणि त्यांतही भारतीयांचा भरणा मोठा. लोक इथे का येतात, तर चांगल्या शाळा आणि नवी घरं, हे कुणीही सांगेल. त्याआधी अर्धं शतक ही काउंटी जागची का हलली नाही, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

1910 साली इथे 11,940 माणसं होती. 1960 साली 12,170. कापसाची शेती बसली, तरुण शहराकडे गेले, हे खरंच. पण ते जॉर्जियात सगळीकडेच झालं. फोर्साइथमध्ये त्याआधी एक वेगळी गोष्ट घडली होती.

सप्टेंबर 1912मध्ये मे क्रो या गोऱ्या तरुणीवर हल्ला झाला. पुढे ती वारली. संशयित म्हणून पकडलेल्या रॉब एडवर्ड्स या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने कमिंगच्या तुरुंगातून ओढून काढून ठार केलं आणि प्रेत चौकातल्या खांबाला टांगलं. याच प्रकरणात दोषी ठरवलेली अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल ही दोन कृष्णवर्णीय मुलं, विशीच्याही आतली. त्यांना ऑक्टोबरात हजारोंच्या देखत फाशी दिली. मग रात्री टोळ्या फिरू लागल्या, घरं आणि चर्च पेटू लागली. जवळपास 1,100 कृष्णवर्णीयांना, म्हणजे काउंटीतल्या दर अकरांतल्या एकाला, परागंदा व्हावं लागलं. काहींनी जमिनी कवडीमोलाने विकल्या. काहींच्या तर खरेदीखताशिवायच दुसऱ्यांच्या नावावर चढल्या. हे लोक परतले नाहीत, आणि कित्येक दशकं इतर कृष्णवर्णीयांनाही इथे थारा मिळाला नाही.

1956 साली ब्यूफर्ड धरणाने चॅटाहूची नदी अडवली, लेक लेनियर भरू लागला आणि काठाने सुट्टीची घरं उभी राहिली. तोवर कापसाची जागा कोंबडीपालनाने घेतली होती. सत्तरच्या दशकात जॉर्जिया 400 हा हमरस्ता आला आणि लोकसंख्येने उसळी घेतली: 1970मध्ये 16,928, 1980मध्ये 27,958.

17 जानेवारी 1987ला नागरी हक्क चळवळीतले नेते होझिया विल्यम्स यांच्यासह वंशभेदाविरुद्ध निघालेल्या छोट्या मोर्च्यावर दगड-बाटल्या पडल्या. पुढच्याच आठवड्यात नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या बंदोबस्तात सुमारे 20,000 लोक कमिंगमध्ये चालले. ओप्रा विन्फ्रीने इथे येऊन कार्यक्रम केला, सगळ्या देशाने तो पाहिला. बाहेरून पैसा आणि माणसं हवी असतील तर ही ख्याती परवडणारी नव्हती, असं माझं मत.

1993मध्ये 400 हमरस्ता थेट अटलांटा शहरातल्या बकहेड भागापर्यंत पोचला. शेजारच्या आल्फारेटात आयटी कंपन्यांची कार्यालयं वाढत गेली आणि तिथे नोकरी, फोर्साइथमध्ये घर, हा हिशेब जमला. लोकसंख्या 2000 साली 98,407, 2010 साली 1,75,511. दक्षिण फोर्साइथमधली कुरणं सबडिव्हिजनखाली, म्हणजे नव्या घरांच्या वसाहतींखाली, गेली. लॅम्बर्ट, डेनमार्क अशी नवी हायस्कुलं काढावी लागली. एडवर्ड्सच्या हत्येची नोंद करणारा फलक कमिंगमध्ये लागला तो 2021 साली.

मार्टाची, म्हणजे अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक सेवेची, रेल्वे अजूनही काउंटीत येत नाही. सगळा भार 400वरच आहे, म्हणून आता तिथे टोल भरून वापरायच्या एक्सप्रेस लेन होणार आहेत. त्या दक्षिण फोर्साइथमधल्या मॅकफार्लंड पार्कवेपर्यंत पोचतील.