प्रकल्पाच्या जागेवरची वन्यजीव पाहणी : पद्धती आल्या कुठून?

धरण किंवा रस्ता बांधण्याआधी तिथे कोणते जीव राहतात हे तपासण्याची कायदेशीर सक्ती तशी अलीकडची. अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० रोजी झाला. भारतात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना १९९४ साली निघाली.

मोजण्याच्या पद्धती मात्र त्याआधीच्या. डेन्मार्कचे पीटरसन माशांना खुणेचे बिल्ले लावत, अमेरिकेचे लिंकन यांनी १९३० साली बदकांच्या पायांतल्या कड्यांवरून त्यांची संख्या काढली. खूण करून सोडलेल्यांपैकी किती पुन्हा हाती लागतात, त्यावरून एकूण किती असतील हा हिशेब. न दिसलेल्या प्राण्यांनाही त्यात जागा आहे, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या टेलिको धरणाचं उदाहरण बघा. काम १९६७ साली सुरू झालं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड एटनियर यांना त्याच नदीच्या उथळ, खळाळत्या पाण्यात तळाशी बसलेला बोटभर मासा दिसला : स्नेल डार्टर, तोवर विज्ञानाला अज्ञात. या माशाला वाचवण्यासाठी १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने धरण थांबवलं, १९७९ साली संसदेने सूट देऊन ते पूर्ण करू दिलं. पुढे हाच मासा दुसऱ्या प्रवाहांतही सापडला. म्हणजे आधी तो ‘नाही’ म्हणणं चुकलं, मग ‘फक्त इथेच आहे’ म्हणणंही.

डोळ्यांना न दिसणारं टिपण्याची साधनं हळूहळू आली. वटवाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज १९३८ साली ग्रिफिन आणि पिअर्स यांनी यंत्राने पकडले. आजचे बॅट डिटेक्टर त्याच वाटेवरचे. प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप आले. २००८ साली फ्रान्समध्ये तळ्याच्या थोड्याशा पाण्यात मिसळलेल्या डीएनएवरून बुलफ्रॉग हा बेडूक ओळखता आला.

तरी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते २००२ साली मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं गणित. एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं, दर फेरीला दिसलं की नाही ते नोंदवायचं आणि त्यावरून प्राणी असूनही नजरेतून सुटण्याची शक्यता काढायची. एका ऋतूत एकच चक्कर मारून केलेल्या यादीतून ती काढताच येत नाही. म्हणून अहवाल हाती आला की प्रजातींची यादी वाचण्याआधी फेऱ्या किती, कोणत्या महिन्यांत आणि रात्री कुणी गेलं होतं का, हे पाहावं.