ऱ्होडोकॉकस संसर्ग (एचआयव्हीबाधितांतील)

ऱ्होडोकॉकस इक्वाय या माती-शेणातील ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूमुळे होणारा संधिसाधू (प्रतिकारशक्ती खालावल्यावर जडणारा) रोग. तो मुख्यतः फुप्फुसांना होतो. सीडी-४ पेशी (एचआयव्ही नष्ट करतो त्या प्रतिकारपेशी) साधारणपणे दर घन मिलिमीटरला १०० च्या खाली उतरलेल्यांत आढळतो. माग्नुसन यांनी १९२३ मध्ये स्वीडनमधील शिंगरांच्या न्यूमोनियातून हा जीवाणू वेगळा केला. माणसातील पहिला रुग्ण १९६७ मध्ये नोंदला गेला. वर्गीकरण अजून स्थिरावलेले नाही: आधी कोरिनेबॅक्टेरियम, १९७७ पासून ऱ्होडोकॉकस, तर अलीकडे काहींच्या मते प्रेस्कॉटेला. वैद्यकात ऱ्होडोकॉकस हेच नाव सोयीचे ठरते.

संसर्गाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. घोड्याशी संबंध हे जुने गृहीतक. मात्र अनेक रुग्णांचा कोणत्याच जनावराशी संबंध आढळत नाही. रोगकारकता ठरविणारे प्लाझ्मिड (जीवाणूतील छोटा, स्वतंत्र डीएनए-तुकडा) घोडा, डुक्कर व गुरे यांत वेगवेगळे असते (गुरांतील प्रकाराचे वर्णन २०१५ मधील). मानवी नमुन्यांत तिन्ही प्रकार सापडतात. थायलंडच्या एड्सरुग्णांत डुकरांतील प्रकार प्रामुख्याने आढळला. त्यामुळे शेणाने समृद्ध झालेल्या मातीची धूळ श्वासावाटे जाणे हा मार्ग अधिक संभवनीय वाटतो. विदर्भाच्या खेड्यांत घोडे मोजकेच, पण घराला लागून गोठा आणि उकिरडा असतो. उन्हाळ्यात वाळलेले शेणखत शेतात पसरले जाते. म्हणून इथे रुग्णाला घोड्याऐवजी गोठ्याविषयी विचारणे योग्य.

निदानातील खरी अडचण क्षयरोगाची. ताप, खोकला, वजन घटणे, क्ष-किरण चित्रात बहुधा वरच्या खंडात पोकळी, आणि थुंकीत कधी अंशतः आम्लस्थायी (आम्लाने धुतल्यावरही रंग धरून ठेवणारे) जीवाणू, हे सारे क्षयासारखेच दिसते. रिफॅम्पिसिनचा या जीवाणूवरही परिणाम होत असल्याने क्षयोपचाराने सुरुवातीला बरे वाटू शकते आणि चुकीचे निदान तसेच पुढे चालू राहते. सीबीनॅट (क्षयजंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह असताना पोकळी वाढत असेल, तर थुंकी व रक्ताचे कल्चर (जीवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) मागवावे. कल्चरमधील जीवाणूंच्या वसाहती काही दिवसांनी फिकट गुलाबी होतात; ‘डिप्थेरॉइड (त्वचेवरचे बहुधा निरुपद्रवी जीवाणू), दूषित नमुना’ असा शेरा मारून त्या टाकून दिल्या, तर रुग्णाचे महिने वाया जातात. सेवाग्राम किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात नमुना पाठवताना ही शंका अर्जावर लिहावी.

उपचारात किमान दोन प्रतिजैविके (अ‍ॅझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन, व्हँकोमायसिन, इमिपेनेम इत्यादींतून) अनेक महिने द्यावी लागतात. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू न केल्यास रोग उलटतो.