परकं पिल्लू यजमानाला ओळखू का येत नाही?

युरोपातल्या रीड वॉर्बलर या छोट्या पक्ष्याच्या घरट्यात कुक्कू या कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याची मादी जेमतेम दहा सेकंद थांबते. तेवढ्यात ती यजमानाचं, म्हणजे घरट्याच्या मालकाचं, एक अंडं उचलते आणि हुबेहूब तसंच दिसणारं आपलं अंडं घालून निघून जाते. ते तिच्या पोटातच सुमारे एक दिवस जास्त वाढलेलं असतं, त्यामुळे बहुधा आधी फुटतं. मग ते आंधळं, उघडंबोडकं पिल्लू एकेक अंडं पाठीवरच्या खळग्यात घेतं, पाय रोवून उलटं उलटं काठापर्यंत चढतं आणि अंडं बाहेर लोटून देतं. पुढे देवीच्या लसीमुळे नावाजलेल्या एडवर्ड जेनरने १७८८ मध्ये याचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं.

आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या पिल्लाला भरवत राहणारा हा यजमान मूर्ख ठरवला जातो. मला ते मुळीच पटत नाही. अंड्यांच्या बाबतीत यजमान पक्षी विलक्षण चोखंदळ असतात. झांबियातल्या प्रिनिया पक्ष्यांत प्रत्येक मादीच्या अंड्यांचा रंग आणि नक्षी वेगळी असते, जणू तिची सहीच. त्यांच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कुक्कू फिंच या पक्ष्याची मादी मात्र जन्मभर एकाच तऱ्हेची अंडी घालते. जुळली तर जुळली, नाहीतर प्रिनिया ती फेकून देते.

मग पिल्लू का खपतं? यावरचं संशोधक अर्नोन लोटेमचं १९९३ मधलं उत्तर फार सुंदर आहे. पहिल्याच विणीला पक्षी आपली अंडी पाहून ओळखायला शिकतो. त्यात एखादं परकं असलं तरी स्वतःचीही समोर असतात. पण कुक्कूचं पिल्लू घरट्यात एकटंच उरतं. पहिल्याच खेपेला फसलेला पक्षी त्यालाच ‘आपलं’ मानायला शिकला, तर पुढे स्वतःची खरी पिल्लंच टाकून देईल. त्यापेक्षा एक वीण वाया गेलेली परवडते.

तरीही ऑस्ट्रेलियात काही यजमानांनी हा अडसर ओलांडला आहे. सुपर्ब फेअरी-रेनची मादी अंडी उबवताना त्यांना एक ठरावीक सूर ऐकवते आणि पिल्लं अन्न मागताना तोच सूर काढतात. घरट्यात एकटंच पिल्लू दिसलं तर आईबाप पुष्कळदा घरटं सोडून देतात. गेरिगोन पक्षी तर कुक्कूचं जिवंत पिल्लू चोचीत धरून बाहेर काढतो. त्यामुळे तिथल्या कुक्कूंना आता पिल्लांचीही नक्कल करावी लागते: शायनिंग ब्रॉन्झ कुक्कूचं पिल्लू यजमानाच्या पिल्लासारखं पिवळं, हॉर्सफील्ड्स ब्रॉन्झ कुक्कूचं गुलाबी आणि गेरिगोनकडे वाढणाऱ्या लिटल ब्रॉन्झ कुक्कूचं काळं.