पाव सेकंदाचा बांगडा

माझा कुत्रा तांबू साकवाच्या टोकाशी येतो आणि उडी मारतो. दर वेळी. फळी जमिनीला टेकायला अजून दोन हात बाकी असतात, तेवढ्यात पठ्ठ्या हवेत. पंधरा दिवस मी त्याला 'खालपर्यंत चालत ये' शिकवत होते आणि पंधरा दिवस तो अगदी मन लावून नेमकं उलट शिकत होता. चूक माझी होती. पण ती कुठे होती हे कळायला मोबाइलवर स्वतःचाच व्हिडिओ संथ करून बघावा लागला.

आमच्याकडे मालवणच्या बाजूला व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पोफळीचे नाहीतर माडाचे ओंडके टाकून साकव करतात. आमच्या खळ्यातला, म्हणजे घरापुढच्या अंगणातला, साकव मात्र कोरड्या जमिनीवर आहे. मोडीत निघालेल्या होडीच्या तीन फळ्या, एक चढती, एक आडवी, एक उतरती. कुत्र्यांच्या 'अ‍ॅजिलिटी' या खेळात असा एक अडथळा असतो. खेळ तसा कालपरवाचा. १९७८ साली लंडनमध्ये क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात मधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांची करमणूक म्हणून घोड्यांच्या अडथळा-शर्यतीची नक्कल कुत्र्यांकडून करवून घेतली. लोकांना ती इतकी आवडली की १९८० मध्ये तिथल्या केनेल क्लबने तिला खेळ म्हणून मान्यताच दिली. उड्या, बोगदा, टायर, सी-सॉ, ओळीने रोवलेले खांब हे सगळं कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने पार करायचं. माणूस बाजूने पळतो, पण स्पर्धेत त्याने कुत्र्याला हात लावायचा नाही आणि खाऊही दाखवायचा नाही. जे शिकवायचं ते घरूनच शिकवून न्यायचं.

खऱ्या मैदानावर ही फळी फूटभर रुंद आणि साधारण १.२ मीटर उंच असते. उतरताना शेवटच्या ९० सेंटिमीटरच्या रंगीत पट्ट्याला कुत्र्याचा निदान एक पाय लागलाच पाहिजे, नाहीतर गुण जातात. नियम कुत्र्याच्या भल्याचा आहे, कारण उंचावरून पुन्हापुन्हा उड्या मारल्या की सगळा भार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो. मी आधी हा पट्टा गेरूने रंगवला होता. गवतावर तो मला छान उठून दिसायचा, तांबूला नाही. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यासारख्या तीन नाहीत. निळा आणि पिवळा त्याला नीट कळतो, लाल-हिरव्यात तो गोंधळतो. मग पिवळा ऑइलपेंट आणला.

शेजारचे आबा हे सगळं गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, बघत असतात. त्यांचा सल्ला एका ओळीचा: "काठी दाखय तेका. गप चलतलो." चालेलही. पण काठीला भिणारं जनावर फळीपेक्षा काठीकडेच जास्त बघतं. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. काही कुत्री खाऊ देऊन शिकवणाऱ्या शाळांमधली होती, काही ओरडून, गळ्यातल्या पट्ट्याला हिसके देऊन शिकवणाऱ्या. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक जास्त वाढलं. त्यानंतरची चाचणी मला अधिक बोलकी वाटते. एका जागी ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ असतो, दुसऱ्या जागच्या वाडग्यात कधीच नसतो, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग वाडगा मधेच कुठेतरी ठेवला. सर्वांत जास्त धाक दाखवणाऱ्या शाळांमधली कुत्री त्याच्याकडे सावकाश गेली, जणू त्यात काही नसणारच हे धरून.

गंमत अशी की आबा स्वतः काठीशिवायच उत्तम शिकवतात, फक्त त्यांना ते माहीत नाही. सकाळी मासळी साफ करताना तांबू गडगा ओलांडून आला की ते त्याच्याकडे बांगड्याचं डोकं भिरकावतात. परिणाम? जांभ्या दगडाचा अडीच फुटी गडगा तांबू असा उडतो की मला त्याला उडी शिकवावीच लागली नाही. (तो दीड वर्षाचा झाल्यावरच हे सुरू झालं हे बरं. पिल्लांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात. त्या घट्ट व्हायला जातीनुसार वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर उंच उड्या नकोत.)

मानसशास्त्रात याला 'सकारात्मक प्रबलन' म्हणतात. इथे 'सकारात्मक' म्हणजे चांगलं, प्रेमळ वगैरे काही नाही. ते गणितातलं अधिक चिन्ह आहे: एखाद्या कृतीनंतर काहीतरी मिळालं आणि त्यामुळे ती कृती वाढली. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून याचा पाया घातला. पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर त्याचं शास्त्र केलं.

आता माझा घोटाळा. खाऊ तोंडात पडेपर्यंत दोनतीन सेकंद जातात, तेवढ्यात कुत्रा आणखी चार गोष्टी करून मोकळा होतो. म्हणून मधे एक खुणेचा आवाज लागतो. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात जनावरं शिकवताना असे आवाज वापरले. माझ्याकडे आंगणेवाडीच्या जत्रेतला पत्र्याचा टिकटिक बेडूक आहे. आधी नुसतंच टिक, लगेच मासा, टिक, मासा असं करायचं, की आवाजालाच माशाचं मोल येतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत हे पाहिलं. सुरुवातीला फळांचा रस मिळाला की डोपामिन हे मेंदूतलं रसायन सोडणाऱ्या पेशी चेतत. सरावानंतर त्या रसाची सूचना देणाऱ्या खुणेलाच चेतू लागल्या आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी शांत राहू लागल्या. खूण होऊनही रस आला नाही, तर तो यायच्या नेमक्या वेळी त्या मंदावत. म्हणून एकदा टिक झालं की मासा द्यायचाच, चुकून वाजलं असलं तरी.

व्हिडिओत दिसलं ते असं. तांबूचा पाय पिवळ्यावर येताना दिसला की मी बेडूक दाबायची. डोळ्यांनी बघून बोट हलेपर्यंत माणसाचा साधारण पाव सेकंद जातो. फळीवरून धावत उतरणारा कुत्रा सेकंदाला चार मीटर गेला, तर पाव सेकंदात एक मीटर. पट्टा ९० सेंटिमीटरचा! माझं टिक वाजायचं तेव्हा तांबू हवेत असायचा. त्याच्या हिशेबाने मासा मिळत होता तो झेपेचाच, आणि झेप लवकर घेतली तर मासाही लवकर.

मग सगळं उलटं धरलं. चढणं बंद, आधी फक्त शेवट. उतरत्या फळीच्या तळाशी त्याला बाजूने चढवायचं, पुढचे पाय जमिनीवर, मागचे पिवळ्यावर, थांबला की टिक, आणि मासा पायांशी फळीलगतच. थांबलेल्या कुत्र्यावर पाव सेकंदाची चूक खपून जाते. मग दोन पावलं वरून, मग मधल्या फळीवरून. अकराव्या दिवशी तो पूर्ण साकव उतरून पिवळ्यावर थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

खांबांची ओळही अशीच, तुकड्यातुकड्यांनी. स्पर्धेत १२ खांब साठ-साठ सेंटिमीटरवर असतात आणि पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी ठेवून शिरायचं असतं. मी पीव्हीसी पाइपच्या दोन ओळी लावून मधे गल्ली ठेवली आहे. रोज ती दोन बोटं अरुंद होते. नागमोडी चाल त्याला कुणी दाखवत नाही, गल्लीच त्याला वळवते.

बांगडा बिनमिठाचा उकडून, काटे काढून, नखाएवढे तुकडे. सुकी मासळी कुत्र्याला जीव की प्राण, पण खारवलेली असेल तर नको. मनुका तर मुळीच नकोत, त्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. सराव सकाळी सातच्या आत, दहा मिनिटं. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांनाच. अंग थंड होतं ते धापा टाकून, जिभेवरची ओल उडून, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत ती ओल लवकर उडत नाही.

सी-सॉ अजून राहिलाय. तिथे अडचण उंचीची नाही. पायाखालची फळी अचानक खाली जाते आणि टोक धप्पकन आपटतं, त्याची धास्ती. म्हणून दोन्ही टोकांखाली नारळाची सोडणं रचली आहेत. फळी जेमतेम चार बोटं हलते, आवाज नावाला. हलली की टिक. दर दोनतीन दिवसांनी एकेक सोडण काढते. काल दोन काढली तर तांबू फळीवरून उतरून थेट आबांच्या गडग्यावरून पलीकडे गेला. आज एक परत ठेवलं.