एडीएचडीतला ‘एच’ कुठून आला?

आमच्या दांडिया बाजारात मराठी घरातसुद्धा वांड मुलाला ‘तोफानी’च म्हणतात, बडोद्याची सवय, आणि एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलता; ‘एच’ त्या हायपरॲक्टिव्हिटीचा) म्हटलं की बहुतेकांना तेच पोरगं आठवतं, सोफ्यावरून टीपॉयवर आणि टीपॉयवरून आजीच्या अंगावर. गप्प बसणारी मुलगी कोणाला आठवत नाही, आणि याला ते नावच बरंचसं जबाबदार आहे.

फार मागचं थोडक्यात. १९०२ ला लंडनच्या एका डॉक्टरांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली, पण दोष काढला नैतिक संयमात, म्हणजे आपलं ‘पोराला वळण नाही’च. १९३७ ला अमेरिकेत बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिल्यावर काही मुलं उलट शांत बसून अभ्यास करायला लागली. मग बरीच वर्षं ‘मेंदूला किंचित इजा’ म्हणायचे, इजा सापडो न सापडो. १९६८ ला तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात (डीएसएम) हे आलं तेही चळवळेपणाच्या नावाने.

खरा घोळ पुढे आहे. १९८० ला त्याच पुस्तकात नाव एडीडी (नुसतं अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर) केलं, लक्ष न लागणं मुख्य धरलं आणि दोन प्रकार पाडले, अतिचंचलतेसह आणि तिच्याशिवाय. मला विचाराल तर सगळ्यात शहाणपणाचं काम हेच. पण सातच वर्षांत, १९८७ ला, ‘एच’ आत घेतला, १४ लक्षणांची एकच यादी केली, त्यातली ८ असली की निदान, आणि नुसतंच लक्ष न लागणारी मुलं एका उरल्यासुरल्या खान्यात टाकली. १९९४ ला त्यांना स्वतंत्र प्रकार परत मिळाला, पण नाव एडीएचडीच राहिलं, म्हणजे जागची न हलणारी मुलगीसुद्धा कागदावर अतिचंचल!

माझ्या मावसबहिणीच्या शाळेच्या डायरीत लाल पेनने ‘ध्यान आपती नथी’ (लक्ष देत नाही) असायचं, आठवड्यातून दोनदा तरी. मावशी सही करायची, दोन शब्द सुनवायची, आणि ही खिडकीतून कडुलिंबावरच्या खारी बघत बसलेली. कोणाला त्रास नव्हता तिचा, त्यामुळे डॉक्टरकडे न्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

२०१३ ला त्या पुस्तकात लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत ही अट बारापर्यंत सैल केली. अशा मुलींना त्याचा उपयोग, कारण त्यांचं बिंग पाचवी-सहावीत विषय वाढल्यावरच फुटतं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी वेगळं नाही. म्हणून दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचा विषय निघाला की आधी हेच बघावं लागतं, सोबत यातलं दुसरं काही आहे का.