ब्राउझरमधली विविधता
ब्राउझरमधली विविधता म्हणजे मोबाईलवर चार-पाच वेगवेगळे आयकॉन असणं नव्हे, वेबपेजचा कोड वाचून ते स्क्रीनवर मांडणारं जे इंजिन असतं ते वेगवेगळं असणं. आज जोरात चालणारी इंजिनं तीनच, गुगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट (सफारीत) आणि मोझिलाचं गेको (फायरफॉक्समध्ये). क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट सगळे ब्लिंकवाले, म्हणजे पणजीतल्या कुणी क्रोमला कंटाळून एज घेतला तरी इंजिन तेच. आयफोनवर उलटं, तिथे फायरफॉक्स टाका नाहीतर क्रोम, आत वेबकिटच, ॲपलचा नियमच तसा (युरोपियन युनियनमध्ये 2024 पासून ही सक्ती नाही, आपल्याकडे आहे).

एकाचंच राज्य आलं की काय होतं ते मराठी वाचकांनी भोगलंय. इंटरनेट एक्सप्लोरर 6 आला 2001 मध्ये, स्पर्धा संपली आणि पुढची आवृत्ती यायला 2006 उजाडलं. त्या काळात मराठी पेपरांच्या बऱ्याच साइट्स युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) नव्हत्या, ज्याचा त्याचा वेगळा फॉन्ट, आणि तो पेजबरोबर पाठवायची जी पद्धत होती ती फक्त एक्सप्लोररलाच कळायची. गल्फात कामाला गेलेल्या गोंयकाराने फायरफॉक्समध्ये असा पेपर उघडला की बातमीच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि कसलीतरी चिन्हं! मग 'पद्मा' नावाचं एक्स्टेन्शन टाकून तो मजकूर युनिकोडमध्ये वाचायचा.

नंतर डिजिटल सहीची गंमत. अशी सही करून टेंडर भरायच्या कितीतरी साइट्स जावाच्या ॲप्लेटवर (ब्राउझरमध्ये प्लगइनने चालणारा छोटा प्रोग्रॅम) बसलेल्या, 2015 मध्ये क्रोमने जुने प्लगइन बंद केले तरी त्या हलल्या नाहीत, म्हणून सायबरवाले एक म्हातारं मशीन जुन्या एक्सप्लोररसकट सांभाळून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, 'पात्रांव, त्या कोपऱ्यातल्यावर बसा.'

पण खरा मुद्दा सत्तेचा आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) सामान एकाकडेच असेल तर तो सांगेल तोच भाव, तसंच इथे. जाहिरातदार पाठलागासाठी वापरतात त्या थर्ड-पार्टी कुकीज सफारीने 2020 मध्ये सरसकट अडवल्या, फायरफॉक्सने 2019 पासूनच ट्रॅकरवाल्या कुकीज अडवायला घेतल्या होत्या, आणि जाहिरातींवर जगणाऱ्या गुगलने 'आम्हीपण बंद करू' असं 2020 मध्ये सांगून 2024 मध्ये बेत गुंडाळला. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथून गेलं, फायरफॉक्सवर अजून चालतं. दुसरी जागा होती म्हणून लोकांना निवड करता आली.

वेबचे नियम ठरवतानाही हे लागतं, एखादी सोय स्टँडर्ड व्हायची तर निदान दोघांनी ती स्वतंत्रपणे बनवून दाखवावी लागते. ब्राउझरमध्ये डेटा साठवायची वेब एसक्यूएल नावाची सोय 2010 मध्ये इथेच अडकली, ज्यांनी ती बनवली त्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हा एकच तयार डेटाबेस घातलेला.

यातला विचित्र भाग म्हणजे गेको जगवणाऱ्या मोझिलाची बहुतेक कमाई गुगलकडूनच येते, फायरफॉक्समध्ये गुगल सर्च आधीपासून लावून ठेवायचे पैसे.