एकट्या बागेला न जमणारी कामं

घरी चार कुंड्या ठेवल्या की निसर्गाला हातभार लागतोच, पण काही कामं एकट्या घराला जमतच नाहीत, त्यासाठी दहा-वीस बागा एकत्र याव्या लागतात आणि गार्डन क्लबचा खरा उपयोग मला तिथेच दिसतो.

कंपोस्टचंच बघा ना. बादलीभर ओला कचरा कुजतो पण फारसा तापत नाही, कारण आत तयार झालेली उष्णता लगेच निघून जाते. ढीग साधारण 1 मीटर लांब, रुंद आणि उंच असला की उष्णता आतच कोंडते, जिवाणू जोरात कामाला लागतात आणि तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत जातं, त्यात तणांच्या बिया आणि बरेचसे रोगजंतू मरतात. त्याला भाजीच्या देठा-सालींबरोबर भरपूर सुका पालाही लागतो, एवढं सगळं एका घरातून कुठून निघणार? हाच कचरा डेपोत दाबला गेला तर हवेअभावी त्यातून मिथेन निघतो.

आता मधमाश्या, हा माझा सगळ्यात आवडता भाग. जगात त्यांच्या 20,000 च्या आसपास जाती आहेत आणि बहुतेक पोळं बांधतच नाहीत, एकएकट्या राहतात, त्यातल्या कितीतरी जमिनीत बीळ करून अंडी घालतात. वांग्या-टोमॅटोच्या फुलातला पराग नळीत बंद असतो, तो काढायला काही जातींच्या माश्या फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतात, आपल्या ओळखीच्या पोळ्यातल्या माशीला हे जमत नाही! पण लहान माश्या घरट्यापासून काहीशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाहीत, म्हणजे तुमच्या बागेतली फुलं संपली आणि शेजारी नुसतं लॉन असेल तर त्यांची उपासमारच. क्लबने कोणाकडे कधी काय फुलेल हे आधी ठरवून लावलं तर वर्षभर जवळपास काहीतरी फुललेलं राहतं, आणि कीटकनाशक न मारायचं हेही सगळ्यांनी मिळूनच ठरवायला हवं, एकाने फवारलं तरी शेजारच्या बागेतली माशी मरते.

आणि हो, प्रत्येक बागेत उन्हातला एक कोपरा उघडा ठेवा, पालापाचोळा न पसरता, न खणता. तिथे पेन्सिलीएवढं भोक आणि भोवती बारीक मातीचं कडं दिसलं तर ते मुंगीचं समजून बुजवू नका, आत माशीची पिल्लं वाढत असू शकतात.